गरम होताच गोळ्या वर चढवणारी .३०८ : बॅरल बदलावी की नाही?

.३०८ विंचेस्टरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, कारखान्यातून आली तशीच. २२ इंची (५६ सेंमी) बारीक शिकारी बॅरल, तोंडाशी व्यास ०.६ इंच म्हणजे साधारण १५ मिमी, बटन पद्धतीचं रायफलिंग (आतल्या पीळदार खाचा), ट्विस्ट १:१२, म्हणजे १२ इंचांत एक पूर्ण पीळ. आत्तापर्यंत सुमारे ११०० गोळ्या झाडून झाल्या आहेत. मालक आता १०० ते ३०० मीटरवर कागदी निशाणावर वीस-वीस गोळ्यांच्या मालिका मारतो आणि तिथूनच तक्रारी सुरू झाल्या. पहिल्या तीन-चार गोळ्या एकत्र बसतात. पाचव्या-सहाव्यापासून ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) वर आणि डावीकडे सरकू लागतो. चाळीसेक गोळ्यांनंतर पसारा जवळपास दुप्पट होतो. साफसफाईला तास लागतो, आणि साफ केल्यावर पहिल्या चार गोळ्या भलतीकडेच जातात. मालकाचं मत ठाम आहे : कारखान्याची बॅरल टाकाऊ, कस्टम बसवायची.

हे नमुन्याचं प्रकरण आहे. रायफलवरचे आकडे उदाहरण उभं करण्यासाठी धरलेले आहेत, पण अशा रायफलींवर जे सहसा दिसतं त्याच पट्ट्यातले. मापं, प्रमाणं आणि कारणं मात्र खरी, आणि ती कुठल्याही रायफलला लागू पडतात.

तक्रारीत एकाऐवजी तीन दुखणी आहेत हे आधी लक्षात घ्यायला हवं. ग्रुपचं सरकणं, ग्रुपचं मोठं होणं, आणि तांबं चिकटणं (गोळीवरच्या तांब्याचा थर बॅरलच्या आत बसणं, ज्यामुळे सफाई लांबते). तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात, आणि त्यातल्या एका-दोनांचा बॅरलशी काही संबंधही नसेल. नवी बॅरल बसवून झाल्यावर हे कळणं महागात पडतं.

आधी पेचकस

पहिली तपासणी टॉर्क रेंचने. रिसीव्हर, म्हणजे बॅरल आणि बोल्ट जिथे बसतात ती अ‍ॅक्शनची चौकट, दस्त्याला धरून ठेवणारे दोन स्क्रू पाहिले : पुढचा ठीक, मागचा ३० इंच-पाउंडावरच (३.४ न्यूटन-मीटर) फिरला. अ‍ॅल्युमिनियमच्या पिलरवर (दस्त्यातल्या आधार-नळ्यांवर) बसलेल्या अ‍ॅक्शनला सर्वसाधारणपणे ६५ इंच-पाउंड (७.३ न्यूटन-मीटर) दिले जातात, साध्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या दस्त्यावर त्याहून कमी, कारण तिथे स्क्रू कसताना दस्ताच दबतो. दुर्बिणीच्या रिंगचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंडावर तपासले, बेसचे वेगळे. रिंगच्या स्क्रूंवर ताकद दाखवणारे लोक दुर्बिणीची नळीच चेमटवतात आणि मग महिनाभर बॅरलला शिव्या देतात.

दुसरी तपासणी कागदाच्या पट्टीने. बॅरल आणि दस्त्याच्या पुढच्या भागामधून पट्टी रिसीव्हरपर्यंत सहज सरकायला हवी. हातात धरलेल्या रायफलमध्ये ती सरकली. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) वजन देऊन पुन्हा पाहिलं तर टोकापासून दोन बोटांवर, खाली उजव्या अंगाला अडकली. प्लास्टिकचा पोकळ दस्ता वजनाखाली वाकतो, आणि उजवीकडून टेकलेला दस्ता बॅरलला डावीकडे ढकलतो. डावीकडच्या सरकण्याचं कारण सापडलं. त्या जागी सँडपेपरने दीडेक मिलिमीटर खरवडून काढलं, मागचा स्क्रू कसला.

तिसरी गोष्ट तोंडाची, म्हणजे क्राउनची. कापसाची काडी आतून बाहेरच्या दिशेने प्रत्येक खाचेवरून ओढली. कुठेही धागा अडकला नाही. अडकला असता तर त्या जागी बारीक बोच असते, गोळी बाहेर पडताना मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी कलते. साफसफाईचा रॉड पुढून घालणाऱ्यांच्या रायफलींमध्ये हा दोष हमखास. शेवटी ज्या दुर्बिणीवर विश्वास आहे अशी दुसरी दुर्बीण चढवून एक ग्रुप मारला. वागणूक तीच राहिली, म्हणून दुर्बीण निर्दोष सुटली.

एवढ्यानंतर १०० मीटरवर दहा गोळ्यांचे ग्रुप ६२ मिमीवरून ४४ मिमीवर आले. कोनात सांगायचं तर २.१ एमओएवरून (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) १.५ एमओएवर, १०० मीटरवर एक एमओए म्हणजे २९.१ मिमी. डावीकडचं सरकणं संपलं. वरचं सरकणं उरलं, कमी प्रमाणात, पण दर वेळी. तांब्याचा त्रास जसाच्या तसा.

तीन गोळ्यांचा फोटो काय सांगतो

मालकाकडे याच बॅरलचा तीन गोळ्यांचा १८ मिमीचा ग्रुप आहे, फोटोसकट. "बॅरल हे करू शकते, मग रोज का करत नाही?" असा त्याचा प्रश्न. उत्तर गणितात आहे.

गोळ्यांचं विखुरणं दोन्ही दिशांना सारखं आणि साधारण घंटेच्या आकाराचं धरलं, आणि एका दिशेतलं प्रमाण विचलन 'स' मानलं, तर ग्रुपचा सर्वांत मोठा व्यास सरासरीने असा येतो : तीन गोळ्यांना २.४ स, पाच गोळ्यांना ३.०७ स, दहा गोळ्यांना ३.८ स. रायफल तीच, नेमबाज तोच. फक्त गोळ्या वाढवल्या की ग्रुप मोठा होतो. ४४ मिमीच्या दहाच्या ग्रुपवरून स सुमारे ११.५ मिमी निघतो, आणि तीन गोळ्यांची सरासरी २८ मिमी. पण तीनचे ग्रुप या सरासरीभोवती फार हेलकावतात, त्यामुळे अधूनमधून १८ मिमीचा ग्रुप पडणारच. तो नशिबाचा. फोटो त्याचाच काढला जातो, ५० मिमीवाल्याचा कोणी काढत नाही.

बॅरलची तुलना करायची तर दहा गोळ्यांचे निदान दोन-तीन ग्रुप, एकाच काडतुसाचे, आणि एकही गोळी "ही माझ्यामुळे गेली" म्हणून न वगळता. पाच गोळ्यांच्या दोन ग्रुपमध्ये पाव हिश्शाचा फरक दिसला तर तो फरक नाही, गोंगाट आहे.

मग पुढचा, आणि सगळ्यात कामाचा प्रश्न : या ११.५ मिमीत बॅरलचा वाटा किती? स्वतंत्र चुका सरळ बेरजेने मिळत नाहीत, वर्गांच्या बेरजेने मिळतात. नेमबाज आणि काडतूस यांचा मिळून वाटा काढायला तेच काडतूस, त्याच माणसाने, चोख ठरलेल्या दुसऱ्या जड रायफलमधून झाडलं. तिथे स ६ मिमी आला. म्हणजे या रायफलचा स्वतःचा वाटा : ११.५ चा वर्ग वजा ६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, सुमारे ९.८ मिमी. चांगल्या कस्टम बॅरलने हा वाटा ३ मिमीवर आणला असं धरा. नवा एकूण स होईल ६.७ मिमी, दहाचा ग्रुप सुमारे २५ मिमी. ही सुधारणा डोळ्यांना दिसते.

आता हेच गणित नवशिक्यासाठी करून पाहा. त्याचा आणि काडतुसाचा मिळून स १२ मिमी आहे. जुन्या बॅरलसकट एकूण १५.५, नव्यासकट १२.४. पाचवा हिस्सा सुधारणा, तीही दहा-दहाचे बरेच ग्रुप मारल्याशिवाय खात्रीने न दिसणारी. अशा माणसाने बॅरलचे पैसे काडतुसांत घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. कस्टम बॅरलवर नाराज होणाऱ्यांमध्ये या गटातले लोक बरेच असतात.

काडतूस आणि ट्विस्ट

काडतुसांचा निकाल लवकर लागला. १६८ आणि १७५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) दोन मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, काडतुसांत फरक गोंगाटाच्या मर्यादेतच राहिला. शिकारीचं १५० ग्रेन स्पष्टपणे मागे. वेगमापकावर एका पेटीतल्या गोळ्यांमध्ये १५ मीटर प्रति सेकंदापर्यंत फरक दिसला, पण १०० मीटरवर त्याने उंचीत जेमतेम ३ मिमी फरक पडतो (७९० मीटर प्रति सेकंद वेग धरून). त्याच फरकाचा ३०० मीटरवर सुमारे ३० मिमी होतो. म्हणून १०० मीटरवरच्या उभ्या पसाऱ्याचं खापर दारूवर फोडू नये.

ट्विस्ट खोक्यावरच्या छापील आकड्यावर सोडला नाही. घट्ट पॅच (सफाईच्या कापडाचा तुकडा) लावलेला, मुठीत मोकळा फिरणारा रॉड आत ढकलायचा, रॉडवर एक खूण आणि तिच्यावर छोटी चिकटपट्टी, पूर्ण एक फेरा होईपर्यंत किती इंच आत गेला ते मोजायचं. तीन वेळा करून सरासरी. १२.१ इंच. १७५ ग्रेनची सव्वा इंच लांबीची मॅच गोळी या ट्विस्टला मिलरच्या सूत्रानुसार सुमारे १.६ चा स्थिरता गुणांक (गोळी हवेत किती स्थिर राहील त्याचा आकडा) देते. १.५ च्या वर असलं की चिंता नको. म्हणजे १:१२ हा इथे आरोपी नाही, जरी .३०८ च्या ट्विस्टबद्दलच्या बहुतेक वादांत तोच पहिला पकडला जातो. याहून लांब, १९० ग्रेनच्या पुढची गोळी मारायची असती तर गोष्ट वेगळी होती.

आतून काय दिसलं

बॅरल पूर्ण साफ केल्याशिवाय बोअरस्कोप (बॅरल आतून पाहायचं उपकरण) घालू नये. काजळी आणि तांबं सगळंच झाकतं. अमोनियाचं तांबं-नाशक लावून पंधरा मिनिटं थांबायचं, पॅच निळा येत नाही तोवर पुन्हा. इथे एक नेहमीची फसगत : ब्राँझचा ब्रश किंवा पितळी जॅग (रॉडचं पॅच धरणारं टोक) वापरला तर अमोनिया त्यालाच खातो आणि पॅच शेवटपर्यंत निळाच येत राहतो. नायलॉनचा ब्रश, आणि जॅग निकेल चढवलेला किंवा प्लास्टिकचा. मालकाच्या एक तासाच्या सफाईतली वीसेक मिनिटं पितळी जॅग साफ करण्यात जात होती. उरलेली चाळीस खरी होती.

स्कोपमध्ये दिसलं ते असं. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भागाच्या) पुढे थ्रोटवर, म्हणजे रायफलिंग सुरू होतं तिथे, बारीक उष्णतेच्या भेगा, ११०० गोळ्यांना शोभतील इतक्याच. .३०८ ही बॅरलच्या बाबतीत सोशिक कॅलिबर आहे. मॅच दर्जाची अचूकता चार-पाच हजार गोळ्यांपर्यंत टिकते, म्हणजे झीज हे कारण नव्हतं. मधल्या भागात मात्र उठावांवर (लँडवर) आडवे ओरखडे, रीमरच्या (भोक मापात आणणाऱ्या हत्याराच्या) वाटेच्या कड्यांसारखे, आणि त्यांच्या धारांवर तांब्याचे पुंजके. गोळीच्या वाटेला आडव्या असलेल्या या धारा किसणीचं काम करतात. तांब्याचा थर दर गोळीगणिक चढत जातो, आणि चाळीस गोळ्यांनंतर ग्रुप फाटतो तो इथे.

बोअरस्कोपवर फार विश्वास टाकू नये, हेही सांगून ठेवलेलं बरं. आतून ओंगळ दिसणाऱ्या बॅरली सुरेख मारताना दिसतात, आणि आरशासारख्या चकाकणाऱ्या काही अगदीच सामान्य निघतात. स्कोप दोषाचं कारण दाखवू शकतो. दोष आहे की नाही ते कागदच ठरवतो. म्हणून हे उपकरण तपासात शेवटी आलं.

खरा पुरावा पॅचने दिला. घट्ट, हलकं तेल लावलेला पॅच सावकाश ढकलताना सुरुवातीला एकसारखा विरोध जाणवला, आणि तोंडाकडच्या शेवटच्या सात-आठ सेंटिमीटरमध्ये रॉड एकदम सैल पडला. बोअर (बॅरलचं आतलं भोक) तोंडाकडे उघडलेला. गोळी जिथे शेवटचा आधार सोडते तिथेच पकड ढिली, हे सगळ्यात नकोसं. उलट, तोंडाकडे किंचित आवळत जाणारी बॅरल चांगली मारते.

असं का होतं

याचं कारण कारखान्यांच्या बनवण्याच्या रीतीत आहे, निष्काळजीपणात असेलच असं नाही. रायफलिंगच्या प्रमुख रीती तीन.

हॅमर फोर्जिंगमध्ये भोक पाडलेला जाड तुकडा कार्बाइडच्या मँड्रेलवर (साच्याच्या दांड्यावर) चढवतात, त्या मँड्रेलवर रायफलिंगचा उलटा ठसा असतो, आणि चहूबाजूंनी हातोडे मारून पोलाद त्यावर दाबतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत मशीनगनच्या बॅरलींसाठी ही पद्धत उभी राहिली. काही मिनिटांत एक बॅरल निघते. यंत्र अवाढव्य आणि महाग, म्हणून ते मोठ्या कारखान्यांना परवडतं. आजच्या चांगल्या हॅमर-फोर्ज्ड बॅरली, सॅको-टिक्काच्या उदाहरणार्थ, "कारखान्याची" या शब्दाला चिकटलेली बदनामी खोटी ठरवतात.

बटन पद्धतीत कार्बाइडचा ठोकळा भोकातून ओढतात किंवा ढकलतात. तो धातू कापत नाही, बाजूला सारतो. काही सेकंदांचं काम. पण सारलेला धातू आपल्यात ताण धरून ठेवतो. तो भट्टीत घालून नीट उतरवला नाही आणि मग बाहेरून खरादून बॅरल बारीक केली, की बाहेरच्या थराची पकड सुटते आणि जिथे जास्त धातू काढला तिथे बोअर उघडतो. शिकारी बॅरल तोंडाकडे सर्वांत बारीक, म्हणून उघडतो तोही तोंडाकडेच. बटन करून झाल्यावर बाहेरून खोल पन्हाळी कोरणं किंवा बारीक तोंडावर आटे पाडणं, यांचाही हाच धोका. उरलेला ताण सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे तापल्यावर बॅरल एका ठरावीक दिशेला वाकते. आपल्या प्रकरणातलं वरचं सरकणं ते हेच, आणि दर वेळी त्याच दिशेला जाणं ही त्याची ओळख. आडव्या ओरखड्यांचं म्हणाल तर ते बटनच्या आधीच्या रीमिंगचे : बटन त्यांना दाबतं, पुसत नाही.

याचा अर्थ बटन पद्धत हलकी असा नाही. लिल्जा आणि शायलन या नामांकित कस्टम बॅरली बटनच्याच. फरक पोलादाच्या निवडीत, ताण उतरवण्यात, आणि शिशाच्या लॅपने आत हाताने घासण्यात आहे.

कट रायफलिंग ही तिसरी रीत, सर्वांत जुनी. एकच दात असलेलं हत्यार खाच दर फेरीला इंचाच्या दहा हजाराव्या भागाइतकं खरवडतं. एका बॅरलला तासभर किंवा अधिक. धातू सारला जात नाही, काढला जातो, म्हणून नवा ताण जवळजवळ येत नाही. क्रीगर आणि बार्टलाइन या पद्धतीच्या. मग लॅपिंगने आडवे ओरखडे जाऊन गोळीच्या दिशेने उभी, बारीक घासणी राहते. .३०८ च्या मानक आराखड्यात बोअर ०.३०० आणि खाचांचा व्यास ०.३०८ इंच, आणि दोन्हींना ०.००२ इंचाची वाढीव सूट. चांगली कस्टम बॅरल टोकापासून टोकापर्यंत ०.०००२ इंचाच्या आत एकसारखी असते. कस्टम घेताना पैसे या एकसारखेपणाचे मोजायचे, ०.३०८१ आहे की ०.३०८४ हे तितकं महत्त्वाचं नाही.

पर्याय तोलताना

सगळ्यात स्वस्त उपाय : तोंडाकडचा सैल भाग, तीन इंच, कापून नवा क्राउन. .३०८ ला दर इंचामागे २० ते २५ फूट प्रति सेकंद जातात, म्हणजे एकूण साधारण २० मीटर प्रति सेकंदाचं नुकसान. त्याने पसारा कमी झाला असता, बॅरल आखूड होऊन ताठही झाली असती. तापल्यावरचं चढणं आणि तांबं दोन्ही कायम. फक्त शिकारीसाठी, जिथे थंड बॅरलची पहिली गोळीच काय ती मोलाची, आम्ही इथेच थांबायला सांगितलं असतं. खरं तर शिकारीसाठी काहीच न करणंही चाललं असतं : पेचकस आणि सँडपेपरनंतर ही रायफल त्या कामाला पुरेशी झालीच होती.

घासणारी पावडर लावलेल्या गोळ्या झाडून आतून घासण्याचा उपाय नाकारला. तो सर्वांत जास्त झीज थ्रोटवर करतो, जिथे ती मुळीच नको, आणि तोंडाकडचा सैल भाग आणखी सैल करतो.

वापर वीस गोळ्यांच्या मालिकांचा, नेमबाजाचा स्वतःचा वाटा ६ मिमी, आणि दोष सिद्ध. बॅरल बदलायचं ठरलं. अनेक देशांत बॅरल हा परवान्याखाली येणारा भाग आहे, आणि सीआयपीच्या (बंदुकांच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या) सदस्य देशांत नव्या बॅरलला प्रूफ चाचणीही (जादा दाबाची सुरक्षा चाचणी) लागते. ऑर्डर देण्याआधी ते कागद, आणि काम परवानाधारक गनस्मिथकडेच.

काय मागवलं, आणि का

४१६आर स्टेनलेस पोलाद, कट रायफलिंग, हाताने लॅप केलेली. ट्विस्ट १:१० : १:१२ मध्ये दोष नव्हता, पण पुढे लांब गोळीची वाट मोकळी राहते आणि १६८-१७५ ला त्याचा तोटा नाही. खाचा चार की पाच यावर ऑर्डरच्या अर्जाइतका वेळ घालवला; त्याहून जास्त घालवू नये. लांबी २४ इंच.

जाडीवर मात्र विचार केला, कारण तिथेच खरी देवाणघेवाण आहे. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. तोंडाशी ०.६ वरून ०.८ इंच, आणि बाकी बॅरल त्याच प्रमाणात जाड, असं धरलं तर ताठपणा तिपटीहून थोडा अधिक. दोन इंच वाढीव लांबी त्यातला जवळपास पाव हिस्सा परत घेते. वजनात सुमारे ९०० ग्रॅमची भर. जाड बॅरल हळू तापते, पण निवायलाही तितकाच वेळ घेते, हे मालिकांमधला वेळ आखताना विसरू नये. त्यात रायफल पुढून जड होते, उभ्याने धरून मारणाऱ्याला ते जाणवतं.

चेंबरबद्दल गनस्मिथला एकच सूचना ठळक अक्षरांत दिली : कारखान्याची काडतुसं वापरली जाणार. घट्ट मानेचा रीमर (काडतुसाच्या मानेभोवती फार कमी जागा ठेवणारा) मागवण्याचा मोह अनेकांना होतो. त्या चेंबरमध्ये साधं काडतूस बसलंच, तर मानेला गोळी सोडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो. थ्रोटही २.८१० इंच या कमाल लांबीच्या काडतुसाला धरूनच.

गनस्मिथच्या कामात निम्मी अचूकता असते, आणि बॅरलचं नाव ऐकून लोक हीच बाजू विसरतात. प्रत्येक बॅरलचं भोक किंचित वाकडं असतंच, कस्टमचंही. चांगला कारागीर खरादावर बाहेरचा व्यास धरत नाही. दोन्ही टोकांना डायल इंडिकेटर बोअरमध्ये लावून बोअरचा अक्ष जुळवतो, आणि उरलेला बाक बसवताना वर, बारा वाजण्याच्या दिशेला ठेवतो, म्हणजे तो बाजूला न जाता दुर्बिणीच्या उंचीच्या फेऱ्यांत भरून निघतो. रिसीव्हरचं तोंड बोअरच्या अक्षाला काटकोनात आणलं, बोल्टचे दोन्ही लग (बोल्ट अडकवणारे दात) सारखे टेकतात हे शाई लावून पाहिलं. हेडस्पेस, म्हणजे काडतुसाला चेंबरमध्ये मिळणारी लांबीची जागा : गो गेजवर (१.६३० इंच) बोल्ट बंद, आणि त्याच गेजच्या बुडाला साध्या चिकटपट्टीचा एक थर, म्हणजे अंदाजे ०.००२ इंच, लावला की बंद होत नाही. ज्यावर बोल्ट बंद होऊ नये तो नो-गो गेज १.६३४ चा असतो, त्यामुळे हे मोजमाप त्याहून काटेकोर. मोजताना बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर काढलेले हवेत, नाहीतर स्प्रिंगचा दाब हाताला चुकीचं सांगतो.

एक चूक इथेही झालीच असती. जाड बॅरल जुन्या दस्त्याच्या खोबणीत "बसते आहे" म्हणून तशीच कसली जाणार होती. पट्टी घातल्यावर दोन ठिकाणी टेकलेली निघाली. खोबणी रुंद केली, रिसीव्हरखाली इपॉक्सीचं बेडिंग (रिसीव्हर नेमका बसेल असा थर) केलं, पुढचा पोकळ भाग भरून ताठ केला. हे राहिलं असतं तर नव्या बॅरलने जुनाच ग्रुप मारला असता आणि दोष बॅरल बनवणाऱ्याच्या माथी गेला असता.

बसवल्यानंतर

'ब्रेक-इन'च्या (नवी बॅरल मुरवण्याच्या) लांबलचक विधींवर आमचा विश्वास नाही. पहिल्या वीस गोळ्यांत पाच-पाच गोळ्यांनंतर साफ केलं, पॅचवरचा निळा रंग चौथ्या वेळी जवळजवळ गेला, तिथे थांबलो. त्या गोळ्यांचा उपयोग रीमरने चेंबरपुढे सोडलेल्या धारा बसवण्याइतकाच. वेग मात्र पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत थोडा वाढतो, म्हणून तोवर लांबच्या अंतराचे तक्ते पक्के केले नाहीत.

२०० गोळ्यांनंतरची मोजणी, तेच १७५ ग्रेनचं काडतूस, तोच नेमबाज : दहा गोळ्यांचे तीन ग्रुप २३, २५ आणि २८ मिमी. गणिताने सांगितलेल्या २५ च्या अगदी आसपास. वीस गोळ्यांच्या सलग मालिकेत पहिल्या पाच आणि शेवटच्या पाचांच्या मध्यबिंदूंतलं अंतर ६ मिमी. जुन्या बॅरलमध्ये दस्ता सुधारल्यावरही ते २० होतं. साफ केल्यावर दुसरीच गोळी ग्रुपमध्ये येते. सफाई पंधरा मिनिटं.

तीन गोळ्यांची सरासरी आता १६ मिमी, आणि मालकाचा जुना फोटो १८ चा. फोटोत दोन बॅरलींमधला फरक दिसतच नाही. वीस गोळ्यांच्या कागदावर तो पाच पावलांवरून दिसतो.

जे बदललं नाही तेही नोंदवू. ३०० मीटरवर आडवा पसारा जवळपास पूर्वीइतकाच राहिला. तिथे ताशी ३.६ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला एक मीटरचा, आडवा वारा या गोळीला चार-साडेचार सेंटिमीटर ढकलतो, आणि तेवढा वारा गालावर जेमतेम जाणवतो. उभा पसारा स्पष्ट कमी झाला. ३०० मीटरचा कागद उभ्यात आवळ आणि आडव्यात पसरट दिसू लागला, की पुढचं काम वारा वाचण्याचं.

थ्रोटची नोंद आता दर ५०० गोळ्यांनी : एकच राखून ठेवलेली गोळी, गेजने उठावांना टेकेपर्यंतची लांबी, तारखेसह वहीत. त्याच वेळी चेंबरच्या मानेपुढे काजळीचं कडं जमलंय का तेही पाहायचं, कारण वेग आणि दाब अचानक वाढला तर बॅरल झिजली असं समजण्याआधी ते कडं काढून बघावं. जुनी बॅरल तेल लावून, तोंडाकडून किती लांबी सैल आहे त्याची चिठ्ठी बांधून, परवान्याच्या नोंदीसह ठेवली आहे.